उलटं फिरणारं पातं

इम्राननं शेडचं दार बाजूला सरकवलं आणि माणसं आत जायच्या आधी वास बाहेर आला. कटिंग ऑइलचा गोडसर, जरासा कुबट वास. त्याच्यामागे तापून गार झालेल्या लोखंडाचा. आणि सगळ्यात खाली, घशाला लागणारा सिमेंटचा. दुबईच्या जबल अली बंदरभागात आता कशालाच स्वतःचा वास उरलेला नाही असं मी धरून चाललो होतो. गोदामं पांढरीशुभ्र, रस्ते झाडलेले, ऑफिसांच्या लॉबीत ऊदाचं अत्तर फवारलेलं. या एका पत्र्याच्या शेडनं मात्र कुणाला न विचारता आपला वास राखून ठेवला होता.

माझी बायको वसुधा दारातच थांबली. तिनं पर्स माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि थेट कोपऱ्यात गेली. तिथं प्लास्टिकच्या कापडाखाली तिचा जुना मिक्सर उभा होता. मिक्सर म्हटल्यावर चटणीचं भांडं डोळ्यांसमोर आणू नये. कमरेइतक्या उंचीची, लोखंडाची गोल पसरट परात. मधोमध उभा दांडा. दांड्याला आडवे हात. आणि प्रत्येक हाताच्या टोकाला बिजागरीवर टांगलेलं एक जाड पातं. सिमेंट, वाळू, पाणी आणि काय काय औषधं त्यात पडायची आणि गिलावा होऊन बाहेर यायची. वसुधानं आत हात घालून एक पातं बोटानं हलवलं. ते झुललं आणि टक्क करून थांबलं.

"अजून सैल आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं ते समाधान मी लेकीच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

"काकी, धिस इज द शॉट!" इम्रान मागून ओरडला. "असंच, हात आत घालून. कॅमेरामनला बोलावतो."

इम्रान हा हसनभाईंचा मुलगा. हसनभाई मूळचे श्रीवर्धनचे. या शेडचे, त्यातल्या यंत्रांचे आणि मनात आलं की आमचेही मालक. ते जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्यामागे इम्राननं धंदा पत्र्यातून काचेत नेला. पुढच्या बाजूला आता चार मजली ऑफिस आहे, त्यात वाहतं पाणी असलेली एक भिंत आहे, आणि या शेडचं म्हणे ‘एक्स्पीरियन्स सेंटर’ होणार आहे. पूर्वी इथं अनुभव फुकट मिळायचा, तोही बोटं सांभाळून.

आम्हाला बोलावलं होतं ते एका नव्या यंत्राच्या उद्घाटनासाठी. त्याआधी एक छोटी फिल्म करायची होती आणि फिल्ममध्ये वसुधा हवी होती. कारण नव्या यंत्राच्या पोटात तिचं पातं आहे.

*

आम्ही या देशात आलो तेव्हा आमचं लग्न नवं होतं आणि दुबईच्या करामातला आमचा फ्लॅट जुना. सकाळी माझ्या कंपनीची व्हॅन यायची, आणि पुढे वसुधालाही वाटेत कामावर सोडायची. करामा मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू लागायची. हिवाळ्यात त्या वाळूवर धुकं इतकं दाट बसायचं, की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकायचा आणि प्रत्येक वळणावर ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. मी मांडीवर पुस्तक घेऊन बसायचो. वसुधा काचेवरचं धुकं पुसून धक्क्यावरच्या क्रेन बघायची. ‘ती बघा, तिचा हात जरा जास्तच लांब आहे,’ असं एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायची.

मी एका शिपिंग कंपनीत जहाजांचे कागद करायचो. आयुष्य त्यात गेलं आणि एकही जहाज मी आतून पाहिलं नाही. वसुधा सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनीअर होऊन आलेली, आणि व्हिसाच्या शिक्क्यानुसार गृहिणी. हसनभाई एकदा अडकलेल्या मालाच्या कामाला माझ्याकडे आले होते. बोलता बोलता म्हणाले, ड्रॉइंग काढायला माणूस मिळत नाही. मी म्हटलं, माझी बायको काढते.

"काय काढते? रांगोळी?"

"मशीनची ड्रॉइंगं."

त्यांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. "घेऊन या वहिनींना. चहा तरी घेतील."

वहिनींनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, ड्रॉइंग बोर्ड कुठाय. बोर्ड नव्हता. हसनभाईंनी दोन माणसं लावून स्टोअररूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं. त्या दारावर तिनं पुढची कित्येक वर्षं ड्रॉइंगं काढली. कडीची भोकं तेवढी कागदाखाली टोचायची. स्टोअररूमला मात्र शेवटपर्यंत दार बसलं नाही.

हसनभाईंचं एक तत्त्वज्ञान होतं. जगातली सगळी कामं दोनच, ढवळणं आणि उचलणं. बाकी सगळी कागदपत्रं. हे बोलताना ते माझ्याकडे बघायचे. शेडमध्ये त्या दोन कामांचीच यंत्रं व्हायची. मिक्सर, बादल्या कलंडवायचे सांगाडे, जड नळ उचलायच्या कैच्या, साखळ्यांचे कप्पे. मी संध्याकाळी तिला घ्यायला जायचो तेव्हा आधी आवाज यायचे. ग्राइंडरची किंकाळी, काँप्रेसरचं धापा टाकणं, पत्र्यावर पडलेल्या हातोड्याचा तो मूर्ख, मोकळा आवाज. मग पलीकडच्या लेबर कॅम्पच्या मशिदीतून अजान व्हायची आणि ग्राइंडर एकामागोमाग एक गप्प व्हायचे. त्या शांततेत फक्त एसीचं पाणी डब्यात टपटपताना ऐकू यायचं, आणि वसुधाच्या पेन्सिलीचा आवाज.

तिच्या अंगाला घरी येताना अमोनियाचा वास यायचा. तेव्हा ड्रॉइंगच्या निळ्या प्रती काढायच्या यंत्रात अमोनिया लागायचा. इतरांच्या बायकांच्या केसांना मोगऱ्याचा वास येतो, असं मी वाचलं होतं. मला अमोनियाची सवय झाली. अजूनही इस्पितळात कुठं तो वास आला की मी मान वळवून बघतो.

उन्हाळ्यात सिमेंटची पोती हातात धरवत नसत. मिक्सरच्या पाण्यात बर्फ टाकायचे. बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून येत, आणि फोडताना उडालेले तुकडे माणसं टिपून तोंडात टाकत, मानेवरून फिरवत. रमझानात तो बर्फ कुणी तोंडाला लावत नसे. वसुधाही दुपारचा डबा उघडत नसे. हसनभाई रागवायचे. "वहिनी, रोजा आमचा आहे, तुमच्यावर कुणी लादलाय? जेवा." ती म्हणायची, भूक नाही. संध्याकाळी पत्र्याच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून खजूर, कलिंगड, भजी, सरबत मांडलं जायचं आणि तेव्हा तिला इतकी भूक असायची की सगळे हसायचे.

*

पात्याची गोष्ट अशी.

मिक्सरमध्ये तळाच्या कोपऱ्यात माल बसून राहायचा. वरचं सगळं छान कालवलं जायचं, पण परात रिकामी केली की तळाशी कोरड्या सिमेंटचं कडं निघायचं. शिवाय मालात एखादा घट्ट गोळा आला की पातं मोडायचं. वसुधानं पातं बिजागरीवर टांगलं आणि मागे एक स्प्रिंग दिली, म्हणजे गोळा आल्यावर पातं मागे कलेल, वरून निघून जाईल आणि मोडणार नाही. हसनभाईंनी ड्रॉइंग पाहिलं. "वहिनी, मिक्सर बनवताय की पाळणा?" म्हणाले, पण बनवायला दिलं.

गुरुवारचा दिवस होता. तेव्हा शुक्रवारची सुटी असायची आणि गुरुवारी दुपारनंतर शेडमधल्या कुणाचंच मन शेडमध्ये नसायचं. मिक्सर जागेवरून हलवून पुन्हा जोडायचा होता. इलेक्ट्रिशियन वर्गीस, केरळचा, अबोल माणूस, वायरी जोडत होता आणि हसनभाई त्याच्या डोक्यावर उभे राहून ‘यल्ला, यल्ला’ करत होते. त्या मोटरला तीन वायरी. त्यांतल्या दोन एकमेकींच्या जागी गेल्या की मोटर उलटी फिरते. त्या गुरुवारी त्या गेल्या.

मी दारात होतो. कधी नव्हे तो लवकर सुटलो होतो. बटण दाबलं आणि मिक्सर उलटा फिरायला लागला. ओरडा झाला. "बंद कर! उल्टा है! खलास, पाती गेली!" वर्गीसचा चेहरा पांढरा पडला. तो बटणाकडे धावला.

"रुको," वसुधा म्हणाली. तिचा आवाज मोठा नाही. पण त्या घरात, म्हणजे शेडमध्ये, तो चालायचा. "रुको वर्गीस. हात मत लगाओ."

ती परातीवर वाकली होती. उलटं फिरताना पात्याची खालची धार पुढे झाली होती. पातं फार झुलू नये म्हणून लावलेला अडसर त्याला तिरकं धरून ठेवत होता आणि पातं फावड्यासारखं तळाला लागत होतं. तळाचं कोरडं सिमेंट त्याच्या उतारावरून चढत वर येत होतं आणि दुसऱ्या बाजूला कोसळत होतं. राखाडी लाट यावी तसं. मग एका हाताच्या बिजागरीची पिन काडकन मोडली, पातं परातीत आदळलं आणि वर्गीसनं डोळे मिटून बटण बंद केलं.

"देख लिया?" हसनभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले. "मोडलं. समाधान झालं?"

"झालं," वसुधा म्हणाली. "आता असंच करायचं. आधी सरळ फिरवायचं, म्हणजे पातं दाबत-चोळत जाईल. मग उलटं, म्हणजे तळातून उचलेल. फक्त पिन टिकली पाहिजे."

"फक्त," हसनभाई म्हणाले.

त्या ‘फक्त’ला दीड वर्ष लागलं.

*

आमच्या संसारातले ऋतू मी त्या काळात मोडलेल्या पिनांवरून ओळखायचो. धुक्याच्या दिवसांत जाड पिना मोडल्या. वाळूचं वादळ आलं, आठवडाभर आकाश हळदीच्या रंगाचं होतं, दातांखाली सगळं करकरत होतं, तेव्हा बिजागऱ्या जाम झाल्या. मग शमाल, म्हणजे वायव्येचा वारा, पडला, समुद्राची दमट वाफ शेडमध्ये शिरली, गंज आला. गणपतीत ती अडसराचा कोन बदलत होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो; आरतीच्या मधल्या शांततेत ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पंचावन्न नाही, थोडा कमी." शेजारच्या बाईंना वाटलं, वयाचं चाललंय.

जेवणाच्या टेबलावर चमचे बिजागरीसारखे एकमेकांना टेकून उभे असायचे. मी विचारायचो, हे काय. ती म्हणायची, भात वाढून घ्या. माझे वाचनाचे कागद, पाठकोऱ्या पावत्या, लग्नाच्या पत्रिका, सगळ्यांच्या मागे बाण आणि कोन. मी त्या काळात भाजी नुसती उकडून खायला शिकलो. याचा मला अभिमान आहे असं नाही, पण ज्याचा त्याचा वाटा असतो.

आणि मग एका सकाळी परात रिकामी केली तर तळ स्वच्छ होता. वर्गीसनं बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. त्यानं ते बोट सगळ्यांना दाखवलं. हसनभाईंनी शेडमध्ये पेढे वाटले, म्हणजे मलबारी हॉटेलातून आणलेले बेसनाचे लाडू वाटले आणि त्यांनाच पेढे म्हणाले. "वहिनी, याचं पेटंट घेऊ. इन्शाल्ला, हे काम संपलं की." कामं काही संपली नाहीत. कॅटलॉगमध्ये त्या पात्याला ‘सुधारित पातं’ म्हणत. कुणी सुधारलं, हे कॅटलॉग सांगत नाही. कॅटलॉगला कर्ता नसतो.

*

तेव्हा या देशात रूळ नव्हते. आता आहेत. वाळवंटातून मालगाड्या जातात, पार रुवैसपर्यंत गंधक वाहून नेतात. आणि रूळ आले की त्यांच्यामागे दुरुस्ती आली. रुळांखालचं काँक्रीट कुठं फुटलं, तर तिथल्या तिथं नवा मसाला कालवून भरावा लागतो. मसाला लवकर घट्ट होणारा, वर ऊन रणरणतं, आणि वारा परातीत वाळू आणून टाकतो. इम्रानच्या माणसांनी परदेशी मिक्सर आणून पाहिले. त्यांची पाती तासाभरात मसाल्यात रुतायची. शेवटी कुणीतरी कोपऱ्यातला हा म्हातारा मिक्सर ट्रॉलीवर चढवून रुळावर नेला, आणि तो चालला.

त्यातून हे नवं यंत्र झालं. रुळांवरून चालणारी गाडी, तिच्यावर मिक्सर, मिक्सरची अख्खी परात उचलून रुळांच्या बाजूला कलंडवणारा हात, आणि रूळ जरासा वर उचलून धरणारे चार जॅक. ढवळणं आणि उचलणं, दोन्ही एका गाडीत. हसनभाईंनी तिला मिठी मारली असती आणि कपड्यांना ग्रीस लागलं म्हणून कुणाला तरी शिव्या दिल्या असत्या.

फिल्मची कल्पना एजन्सीची होती. इम्राननं ती आम्हाला काचेच्या खोलीत, कराक चहा पाजून सांगितली. एक मराठी घर. नऊवारीतली बाई मातीच्या डेऱ्यात ताक घुसळते आहे. रवी सरळ फिरते, उलटी फिरते. बाई थबकते. तिच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो. पुढच्या दृश्यात मिक्सर.

वसुधानं चहाचा कप खाली ठेवला. "ही बाई कोण?"

"काकी, तुम्ही! यंग तुम्ही. ॲक्ट्रेस असेल."

"मी जन्मात रवी हातात धरलेली नाही. आमच्याकडे ताक डेअरीतून यायचं."

"काकी, इट्स स्टोरीटेलिंग. इमोशन पाहिजे."

"मग वर्गीस दाखव. वायरी उलट्या लावताना त्याचा चेहरा बघितला असतास तर कळलं असतं इमोशन."

इम्राननं दोन्ही हात जोडले. "काकी, प्लीज. क्लायंट रेल्वेवाले आहेत. सेफ्टी, सेफ्टी, सेफ्टी. त्यांच्यासमोर मी ‘राँग वायरिंग’ हा वर्ड तोंडातून काढू? हे मशीन एका मिस्टेकमधून आलं असं सांगू? ऑर्डर गेली समजा." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "दुसरं एक व्हर्जन आहे. त्यात ताक नाही. त्यात ‘अवर टीम’ म्हटलंय. पण मग नाव कुणाचंच नाही येणार. काकी, मला तुमचं नाव पाहिजे. अब्बांना आवडलं असतं."

मुलगा वाईट नाही. लहानपणी याच शेडच्या मागे तो आमच्याकडून शंकरपाळे मागून खायचा. पण आता त्याच्याकडे नाव द्यायला होतं, आणि ते एका डेऱ्याला बांधलेलं होतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "नावाचं एवढं काय? काम तर दिसतंय."

"तुमचं नाव दिवसभर बिलांवर टाइप होऊन जगभर जायचं," ती समोर बघत म्हणाली. "म्हणून तुम्हाला हे सुचतं."

दुबईतच सिलिकॉन ओएसिसला राहणाऱ्या लेकीचा फोन आला. तिला सगळं आधीच कळलेलं. "आई, जस्ट टेक द क्रेडिट, यार. हू केअर्स अबाउट ताक?"

"मी केअर करते," वसुधा म्हणाली. "सांगलीहून इथपर्यंत लोकांना हेच ऐकायचं होतं. पोरगी इंजिनीअर झाली, ती स्वयंपाकघरातूनच झाली असणार. कॉलेजात सर विचारायचे, लेथ आणि लाटणं सारखंच ना गं? मी दीड वर्ष पिना मोडल्या. त्या मोडलेल्या पिना कुणाच्या स्वयंपाकघरात बसत नाहीत."

लेक म्हणाली, "ओके, ओके, चिल." फोन ठेवल्यावर वसुधाचे डोळे भरले होते, हे मला आरशातून दिसलं. तिला नाव हवं होतं. खूप हवं होतं. एवढ्या वर्षांत ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं इम्रानला कळवलं, ताकवाली बाई असेल तर माझं नाव काढ.

*

उद्घाटनाच्या सकाळी आवारात रुळांचा एक तुकडा अंथरला होता आणि त्या रुळांवर लाल गालिचा. गालिच्याखाली स्लीपर, त्यांच्यामध्ये खडी. त्यामुळे उंच टाचांच्या पाहुण्या बोटीत चालल्यासारख्या डुलत येत होत्या. वातानुकूलित तंबू, गहवा म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर, ट्रेमध्ये मखमलीवर झोपवलेली कात्री. मोठ्या पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह फिरत होतं. यंत्राला चंदेरी रिबनीत असं बांधलं होतं, की ते पळून जाईल अशी भीती वाटावी. प्रमुख पाहुणे वाटेत होते. प्रमुख पाहुणे नेहमी वाटेत असतात. त्यांचा तोच हुद्दा.

वसुधा मागच्या रांगेत बसली. कांजीवरम नेसली होती. सकाळी मी म्हटलं, एवढी जड? ती म्हणाली, मी पाहुणी आहे, ढवळायला चालले नाहीये.

वेळ काढायचा म्हणून इम्राननं यंत्र सुरू करायला सांगितलं. पाती सरळ फिरली, थांबली, उलटी फिरली. रेल्वेच्या माणसांत एक तरुण इमिराती मुलगी होती, काळा अबाया आणि त्याखाली सेफ्टी शूज. नंतर कळलं, रेल्वेमार्गाच्या देखभालीची इंजिनीअर. ती गालिचा सोडून खडीवर उतरली, यंत्रापाशी गेली आणि परातीवर वाकली. वसुधानं माझ्या मनगटाला हात लावला. तसं वाकणं तिला ओळखीचं होतं.

"बिजागरीत वाळू जाणार," ती मुलगी इंग्रजीत इम्रानला म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यात जाते. मग?"

इम्राननं माहितीपत्रक उघडलं, मिटलं आणि आमच्याकडे पाहिलं. पडद्याचा रिमोट त्याच्या हातात होता. नाव नसलेलं व्हर्जन तयार होतं. एका क्षणात सगळं निभावून नेता आलं असतं. तो म्हणाला, "काकी, जरा येता का?"

वसुधानं पर्स माझ्याकडे दिली आणि कांजीवरमसकट खडीवर उतरली.

"ग्रीस लावू नका," ती त्या मुलीला म्हणाली. "ग्रीस वाळूला घरात बोलावतं. बिजागरी कोरडी ठेवा आणि सैल ठेवा. इतकी सैल, की वाळू आली तशी निघून जाईल."

"ती खडखडेल."

"खडखडू दे. खडखड थांबली की काळजी करा."

मुलगी हसली. मग तिनं अडसराचा कोन विचारला, पिनेचं पोलाद विचारलं, उलट्या फेऱ्यात मोटरवर किती ताण येतो ते विचारलं. दोघी परातीत वाकून बोलत होत्या. पदर कमरेला खोचलेला, अबायाला सिमेंट लागत होतं. बाकीचे रेल्वेवाले हळूहळू तंबूतून बाहेर आले. एसीत गहवा थंड होत होता.

आणि मग त्या मुलीनं विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?"

मी इम्रानकडे पाहिलं. इम्रान जमिनीकडे बघत होता. वसुधानंही एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ऑर्डरीचा तिला विसर पडला नव्हता, एवढं मला तिच्या थांबण्यावरून कळलं.

"आधी चुकून," ती म्हणाली. "आमच्या इलेक्ट्रिशियननं वायरी उलट्या जोडल्या आणि मी मशीन बंद करू दिलं नाही. मग दीड वर्ष मुद्दाम."

परातीत पाती फिरत होती.

"आमच्याकडे पहिला भाग रोज होतो," ती मुलगी म्हणाली. "दुसरा भाग करायला माणूस मिळत नाही." तिच्या मागचे तिचे साहेब मोठ्यानं हसले, आणि त्यांच्यामागे सगळेच. मग ते साहेब स्वतः पुढे वाकून पात्याकडे बघायला लागले. इम्राननं रिमोट खिशात टाकला.

प्रमुख पाहुणे आले, कात्री उठवली गेली, रिबन कापली. फिल्म ‘तांत्रिक कारणामुळे’ दाखवली गेली नाही.

पाहुणे गेल्यावर इम्रान आमच्यापाशी येऊन खुर्चीवर कोसळला. टायचं टोक खिशात कोंबलेलं. "काकी, आज हार्ट बंद पडलं असतं माझं."

"तुझ्या बापाचं रोज पडायचं. काही होत नाही."

"यंत्रावर पितळेची पाटी लावायचीय," तो म्हणाला. "आता सांगा, काय लिहू?"

आता ती म्हणेल, माझं कसलं नाव, सगळ्यांचंच काम आहे. अशी माझी खात्री होती. आमच्यात तसं म्हणायची रीत आहे. मीही ‘हो ना’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

"माझं नाव लिही," वसुधा म्हणाली. "पूर्ण. खाली वर्गीसचंही लिही, पण माझं वर, आणि मोठं."

"पूर्ण म्हणजे? फर्स्ट, लास्ट?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. आमच्यात मध्ये नवऱ्याचं येतं."

इम्राननं फोनवर उतरवून घेतलं, तीनही शब्द, तिच्याकडून वाचून घेत.

आता ती गाडी त्या पाटीसकट वाळवंटात कुठंतरी रुळांवर उभी असते. त्या पात्यात माझा वाटा उकडलेल्या भाजीइतका. पण पितळेवर, वसुधा आणि आडनाव यांच्या बरोबर मध्ये, मी आहे. पाटी बसवली त्या दिवशी आम्ही बघायला गेलो होतो. मी पर्स सांभाळत पाटीसमोर उभा राहिलो, सरळ वाचली, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून रुमालानं जरा पुसली. सगळी नाही. तिचं नाव तेवढं.